पैठणीचा रंग, जुना कॉम्प्युटर आणि परवडणारं फोटो एडिटिंग: इंदिरानगरमधलं एक प्रकरण

चिंतामणी रंगाची पैठणी फोटोत निळी दिसली, ग्राहकाने निळी समजून मागवली आणि घडी उघडल्या उघडल्या परत पाठवली. नाशिकच्या इंदिरानगरमध्ये घरातून पैठण्या विकणाऱ्या एका ताईंची ही अडचण एकाच रंगापुरती नव्हती. रामा हिरवा फोटोत पोपटी व्हायचा, राणी कलर कधी लालसर तर कधी फिका गुलाबी. साड्या येवल्याहून येतात, भावाकडे हातमाग आहेत, मालाबद्दल कुणाची तक्रार नाही. तक्रार होती ती फोटोची, आणि परतीच्या कुरिअरचा खर्च ताईंच्या अंगावर पडत होता.

घरगुती कॉम्प्युटरची देखभाल हे माझं रोजचं काम. ताईंचा प्रश्न सरळ होता: "दादा, फोटोशॉप घेऊ का? दर महिन्याला पैसे भरायचे म्हणतात, ते झेपेल का?" त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे जे तपासलं, ते इथे सविस्तर लिहितोय. अशाच प्रश्नाशी अडलेली घरं नाशिकमध्ये पुष्कळ आहेत. कुणी मसाले विकतं, कुणी मातीचे दागिने करतं, कुणी केकच्या ऑर्डरी घेतं, आणि सगळ्यांचं दुकान म्हणजे व्हॉट्सॲपवरचा फोटो.

हाताशी काय होतं

कॉम्प्युटर सहाव्या पिढीच्या आय-३ प्रोसेसरचा, ८ जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. ताईंना माउस, फोल्डर, कॉपी-पेस्ट व्यवस्थित येतं. लेअर, म्हणजे चित्रावर चित्र ठेवायचे पारदर्शक थर, हा शब्द त्यांनी ऐकलेला नव्हता. फोटो दोन वाटांनी यायचे. काही त्या घरी स्वतः मोबाइलवर काढत, काही भाऊ येवल्याहून मागावरून उतरलेल्या साडीचे पाठवे.

कामं चार. रंग खरा दिसायला हवा. पदर नीट उठून दिसायला हवा. साडीचा क्रमांक, किंमत आणि काठाचा प्रकार मराठीत लिहिलेलं कार्ड हवं. आणि नवा माल आला की ढीगभर फोटो एकदम लहान करून, नावाचा शिक्का मारून ग्रुपवर टाकता यायला हवेत. ही यादी आधी कागदावर लिहून घेतली. सॉफ्टवेअर निवडताना लोक बहुतेक वेळा उलटं करतात. कोणत्या प्रोग्रॅममध्ये किती सोयी आहेत हे वाचत बसतात आणि आपल्याला त्यातलं काय लागणार हा विचार मागे पडतो. पैठणी विकणाऱ्या बाईला थ्रीडी नको आहे, ब्रशचे शेकडो प्रकार नको आहेत. तिला 'शुद्ध रेशीम' हे दोन शब्द नीट उमटलेले हवे आहेत.

फुकटात मिळणारं फोटोशॉप

नात्यातल्या एका मुलाने पेनड्राइव्हवर 'फुल व्हर्जन' आणून दिलं होतं. पैसे द्यायचे नाहीत, मुदत नाही. सोबत सूचना अशी की इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद ठेवायचा.

याच कॉम्प्युटरवर ताईंचं नेट बँकिंग आहे. अनोळखी माणसाने फोडलेल्या प्रोग्रॅमसाठी घराचं दार आपणच उघडं टाकायचं, ही कल्पनाच मला सहन होत नाही. कायद्याचाही मुद्दा आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब प्रमाणे बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर कमाईसाठी नसेल तर न्यायालय कैद टाळून नुसता दंड करू शकतं, पण ताईंचा वापर धंद्यासाठीच असणार, म्हणजे ती सवलतही लांबच. पेनड्राइव्ह परत गेला.

अधिकृत फोटोशॉप उत्तमच आहे, त्यात वाद नाही. पण २०१३ पासून ॲडोबीने नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर दिल्या आहेत. लग्नसराईत काम जास्त, पितृपक्षात जवळजवळ शून्य, पैसे मात्र बाराही महिने. त्याचंच धाकटं भावंड फोटोशॉप एलिमेंट्स एकरकमी मिळतं, म्हणून पूर्वी मी ते अनेकांना सुचवत असे. आता त्याच्या २०२५ च्या आवृत्तीपासून परवाना तीन वर्षांचाच असतो. मुदत संपली की पुन्हा खरेदी. हे दोन्ही पर्याय बाजूला ठेवले.

परवान्याचा बारीक अक्षरांतला मजकूर

घरगुती वापरासाठी 'फ्री' असलेले प्रोग्रॅम धंद्यासाठीही फ्री असतात असं नाही. इरफानव्ह्यू हा छोटा, चपळ प्रोग्रॅम जुन्या कॉम्प्युटरवर पाण्यासारखा चालतो आणि ढीगभर फोटो एकदम लहान करायला फार सोयीचा आहे. पण तो मोफत आहे तो बिगरव्यावसायिक वापरासाठी. एक्सएनव्ह्यू एमपीचंही तसंच, खासगी आणि शैक्षणिक वापर मोफत, व्यवसायाला परवाना घ्यावा लागतो. घरातला एक कोपरा, एक बाई आणि एक मोबाइल असला तरी पैसे येतात तो धंदाच. इरफानव्ह्यूची नोंदणी स्वस्त आहे, पैसे भरून तो घेणं गैर ठरलं नसतं. पण दुसरा मार्ग होता म्हणून थांबलो.

गिंप (फोटो सुधारायला), क्रिटा (चित्रं रंगवायला) आणि डिजिकॅम (फोटोंचा साठा सांभाळायला) हे मुक्त परवान्याचे, म्हणजे कुणीही कशासाठीही मोफत वापरावेत असे प्रोग्रॅम आहेत, त्यांना घर काय आणि दुकान काय. पेंट डॉट नेट आणि ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी हे फोटो एडिटर मुक्त परवान्याचे नाहीत, पण धंद्याच्या कामाला त्यांची आडकाठी नाही. अफिनिटीची कथा वेगळी. सेरिफ या ब्रिटिश कंपनीचा हा फोटो आणि डिझाइनचा प्रोग्रॅम बरीच वर्षं एकरकमी विकत मिळे. २०२४ मध्ये कॅनव्हा या ऑनलाइन डिझाइनच्या कंपनीने सेरिफ विकत घेतली आणि ३० ऑक्टोबर २०२५ ला नवी अफिनिटी मोफत केली. कॅनव्हाचं खातं मात्र उघडावं लागतं, आणि एआयच्या सोयी पैसे भरणाऱ्यांनाच. ताकदीच्या बाबतीत या सगळ्यांत ती फोटोशॉपच्या सर्वांत जवळ आहे.

ताईंच्या साड्या, ताईंचा कॉम्प्युटर

तपासणी त्यांच्याच कॉम्प्युटरवर, त्यांच्याच फोटोंवर केली. माझ्या दुकानातल्या नव्या मशीनवर सगळंच झरझर चालतं, त्याचा ताईंना काय उपयोग?

पहिला अडथळा फोटोच्या आकाराचाच निघाला. मोबाइल ५० मेगापिक्सेलवर लावलेला होता. असा फोटो एडिटरमध्ये उघडला की एका लेअरलाच साधारण २०० एमबी मेमरी लागते. दोन-चार लेअर आणि मागे जाण्यासाठी जपून ठेवलेल्या पायऱ्या धरल्या की ८ जीबी रॅम भरते, प्रोग्रॅम हार्ड डिस्कवर जागा शोधू लागतो आणि माउसचा बाण अडकतो. "गिंप फार स्लो आहे" असं म्हणणाऱ्या अनेकांची अडचण इथे असते. कॅमेरा १२ मेगापिक्सेलवर आणला, तेव्हा त्याच मशीनवर गिंप सुसह्य झालं. व्हॉट्सॲपवर जाणाऱ्या फोटोला त्याहून जास्त लागतच नाही.

पेंट डॉट नेट सर्वांत आधी ताईंच्या हाताला बसलं. २००४ मध्ये वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून सुरू झालेला हा विंडोजचा प्रोग्रॅम हलका आहे, मेनू समजायला सोपे आहेत. कापणं, सरळ करणं, उजेड वाढवणं, सगळं त्यांनी न विचारता केलं. मी जवळजवळ याच निर्णयावर आलो होतो. पण कार्डाची वेळ आली तेव्हा तो मागे पडला. त्यात अक्षरं लिहून बाहेर क्लिक केलं की ती चित्राचाच भाग होतात, पुन्हा बदलता येत नाहीत. पैठणीची किंमत तर हंगामाप्रमाणे बदलते. दर वेळी नवं कार्ड करायचं म्हणजे रात्रीची झोप गेली.

देवनागरीची परीक्षा मी नेहमी एकाच ओळीवर घेतो: 'शुद्ध रेशमी वस्त्र, स्त्रियांसाठी, विक्री किंमत'. यात द्ध आहे, स्त्र आहे, क्री आहे, आणि पहिली वेलांटी आहे. प्रोग्रॅमला देवनागरीची जुळणी येत नसेल तर 'विक्री'ची पहिली वेलांटी व च्या उजवीकडे जाऊन बसते, 'वस्त्र' मध्ये पाय मोडलेले स आणि त सुटे उभे राहतात. ग्राहकाला काय झालंय ते सांगता येत नाही, पण असलं कार्ड पाहिलं की दुकानावरचा विश्वास कमी होतो. सेरिफच्या काळातल्या अफिनिटीची हीच खोड होती, भारतीय लिप्यांची जोडाक्षरं तिच्यात फुटत. त्या आठवणीमुळे मराठी कार्डाचं काम मी नव्या अफिनिटीवर टाकलं नाही. कुणी ती घेणार असेल तर आपल्या मजकुराची एक ओळ आधी तिच्यात टाइप करून बघावी, मगच पुढे जावं. गिंपमध्ये ओळ जशीच्या तशी उमटली. अक्षरांचा लेअर वेगळा राहिला, फाइल दुसऱ्या दिवशी उघडून फक्त किंमत बदलता आली. फॉण्ट म्हणून मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने केलेला 'मुक्ता' घेतला. तो मुक्त परवान्याचा आहे, लहान आकारात मोबाइलवर स्वच्छ वाचता येतो. नाशिकच्या अनेक डीटीपीवाल्यांकडे अजून जुन्या पद्धतीचे, युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची सामायिक पद्धत) नसलेले फॉण्ट चालतात. त्यातला मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की इंग्रजी अक्षरांचा चिवडा होतो. कार्डावरचा मजकूर ताईंना मेसेजमध्येही लागतो, म्हणून युनिकोडचा आग्रह मी सोडला नाही.

फोटोपीमध्येही बहुतेक कामं होतात, तेही काही इन्स्टॉल न करता. फोटो आपल्याच कॉम्प्युटरवर राहतो, कुठल्या सर्व्हरवर जात नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. मोफत वापरात बाजूला जाहिराती येतात. पण नेट गेलं की दुकान बंद, आणि क्रोममध्ये आणखी चार टॅब उघडे असले की ८ जीबी रॅम तिथेच संपते. परगावी असताना कुणाच्या लॅपटॉपवर घाईचं काम निघालं तर वापरा, असं सांगून त्याचा पत्ता ताईंना लिहून दिला. क्रिटा रंगवण्यासाठी, चित्रकारांसाठी फार चांगलं आहे. इथे त्याचं काम नव्हतं.

रंग कुठे बिघडत होता

या प्रकरणात माझा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला.

गिंपमध्ये लेव्हल्स, म्हणजे उजेड-अंधार आणि रंग जुळवायच्या खिडकीत, फोटोतला रंग टिपणारे तीन ड्रॉपर असतात. त्यातल्या मधल्या, करड्या ड्रॉपरने फोटोतल्या खऱ्या करड्या जागेवर क्लिक केलं की सगळ्या फोटोचा रंगतोल सुधारतो. त्यासाठी फोटोत करडी वस्तू असायला हवी. साधा झेरॉक्सचा पांढरा कागद ठेवून भागत नाही. त्यात चमक आणणारं रसायन असतं आणि दिवसाच्या उजेडात तो किंचित निळसर दिसतो. म्हणून फोटोग्राफीच्या दुकानात मिळतं ते ग्रे कार्ड, म्हणजे करड्या रंगाचा पुठ्ठा, आणलं. साडीच्या घडीवर ते ठेवून पहिला फोटो, मग कार्ड काढून बाकीचे. पहिल्या फोटोवर केलेली दुरुस्ती जपून ठेवून तीच पुढच्यांना लावायची.

तरीही ताईंनी केलेले फोटो माझ्या मोबाइलवर निळसर दिसत आणि त्यांच्या स्क्रीनवर बरोबर. कारण सापडलं ते संध्याकाळी त्यांच्या घरी बसलो तेव्हा. घरचं सगळं आवरल्यावर रात्री त्या कामाला बसत, आणि विंडोजमधली नाईट लाईट सूर्य मावळला की आपोआप चालू होत होती. पडदा पिवळा, म्हणून फोटो पिवळा वाटे. त्या तो निळ्याकडे ओढत. चिंतामणी हा निळ्याच्या जवळचा रंग, थोडा ढकलला की सरळ निळा. कोणतंही महागडं सॉफ्टवेअर ही चूक पकडून देणार नव्हतं. नाईट लाईट बंद केली.

उरलेला दोष उजेडाचा होता. साडी खिडकीजवळ, पण वर ट्यूब चालू. एका बाजूने दिवसाचा उजेड, दुसऱ्या बाजूने ट्यूबचा. एकाच पदरावर दोन रंगांचे उजेड पडले की लेव्हल्सने एक बाजू सुधारते आणि दुसरी बिघडते. आता सकाळी गॅलरीत ऊन यायच्या आधी, सगळे दिवे बंद करून फोटो काढतात. मागे मोतिया रंगाची कोरी चादर टांगलेली असते. तिच्यामुळे आणखी एक काम वाचलं. पदराचे गोंडे पार्श्वभूमीतून कापून काढणं हे कोणत्याही प्रोग्रॅममध्ये किचकट आहे, धागा न् धागा सोडवावा लागतो. चादर सपाट असली की कापायलाच लागत नाही.

भावाकडून येणारे फोटो आधीच व्हॉट्सॲपने दाबून लहान केलेले असायचे. त्यांच्यावर दुरुस्ती करून पुन्हा जेपीईजीत (फोटोच्या नेहमीच्या फाइलप्रकारात) साठवलं की साडीवरची जरीची नक्षी म्हणजे नुसते पिवळे ठोकळे. जेपीईजी प्रत्येक वेळी साठवताना काही तपशील टाकून देतं, गेलेला तपशील परत येत नाही. भावाला आता फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगितलंय, तसा पाठवला की मूळ फाइल जशीच्या तशी येते.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. ज्या पैठणीत उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या, ती हलवली की रंग पालटते. स्थिर फोटोत त्यातला एकच कोन येतो. अशा साडीसाठी ताई आता पदर हातात घेऊन हळू फिरवत छोटा व्हिडिओ काढतात आणि फोटोसोबत पाठवतात. त्याला सॉफ्टवेअरमध्ये उत्तर नाही, ते मान्य करून टाकलेलं बरं.

काय ठरलं

रंग आणि कार्डासाठी गिंपची ३ ही आवृत्ती. मार्च २०२५ मध्ये आलेल्या या आवृत्तीत लावलेले फिल्टर नंतरही बदलता येतात, शिकणाऱ्या माणसाला याचा फार आधार वाटतो. ढीगभर फोटो एकदम लहान करायला गिंपमध्ये सोपी सोय नाही, म्हणून ते काम डिजिकॅमला दिलं. त्यातली बॅच क्यू (अनेक फोटोंवर एकदम काम करणारी यादी) एकदा जुळवून ठेवली की फोटो ओढून टाकायचे आणि चहा ठेवायला जायचं; आकार लहान होतो, कोपऱ्यात नावाचा शिक्का बसतो. शिक्का गिंपमध्येच पीएनजी, म्हणजे मागची बाजू पारदर्शक ठेवणारी चित्रफाइल, करून ठेवला.

गिंप शिकायला अवघड आहे हे खरं आहे, आणि ते लपवून कुणाला ते देऊ नये. ताई पहिल्यांदा अडल्या त्या साठवताना. सेव्ह केलं की एक्ससीएफ नावाची फाइल होते, ती व्हॉट्सॲप घेत नाही. फोटो हवा तर एक्स्पोर्ट म्हणावं लागतं. "मग सेव्ह कशाला ठेवलंय?" त्यांनी वैतागून विचारलं. कार्डाची एक्ससीएफ जपली म्हणून दुसऱ्या दिवशी किंमत बदलता आली, हे स्वतः करून बघितल्यावर राग गेला. मी त्यांना सगळा गिंप शिकवला नाही. कापणं, लेव्हल्स, अक्षरं, एक्स्पोर्ट एवढंच मराठीत पायऱ्या लिहून मॉनिटरशेजारी चिकटवलं. बाकीचे मेनू उघडायचेच नाहीत असं ठरलं, आणि ते त्यांनी पाळलंय.

सॉफ्टवेअरला पैसे लागले नाहीत. जे बाजूला ठेवले होते त्यातून जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी, वेगवान डिस्क, बसवली. कॉम्प्युटर सुरू होण्यापासून गिंप उघडण्यापर्यंत सगळ्यात फरक पडला. घरगुती बजेटमध्ये हा खर्च कोणत्याही वर्गणीच्या आधी करावा असं माझं ठाम मत आहे.

रंगावरून साडी परत येणं बंद झालंय असं मी म्हणणार नाही. प्रत्येकाच्या मोबाइलचा पडदा वेगळा, काही फोनमध्ये रंग मुद्दाम भडक दाखवतात. ताई आता रंगाचं नाव कार्डावर लिहितात आणि शंका असेल तर ग्राहकाला दिवसाउजेडी व्हिडिओ कॉल करतात.

छापील पत्रकाचा विषय मध्येच निघाला होता. शालिमारजवळच्या छापखान्याला सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांतली, फाइल हवी होती. गिंप तशी फाइल काढून देतं, पण गडद राणी आणि मोरपिशी हे रंग शाईत तेवढे उठत नाहीत, आधी एक प्रूफ (नमुना) छापून घ्यावंच लागतं. प्रूफ पाहून ताईंनी पत्रकाचा बेत सोडला, पैसे व्हिजिटिंग कार्डावर घातले.

आता राहिलाय तो विंडोजचा प्रश्न. विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार, म्हणजे मोफत सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि सहाव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. घरगुती कॉम्प्युटरला वाढीव सुरक्षा अपडेट घेतले तरी ते ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. गिंप आणि डिजिकॅम निवडण्यामागे हेही एक कारण होतं: दोन्ही लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत प्रणालीवर, चालतात, पेंट डॉट नेट चालत नाही. पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट हा लिनक्सचा एक प्रकार सुरू करून पाहिलं तेव्हा ताईंची कार्डं उघडली, मुक्ता फॉण्ट बसला, 'वस्त्र' नीट उमटलं. त्यांचा जुना प्रिंटर मात्र त्यावर अजून जोडून बघायचाय, आणि तो चालल्याशिवाय मी विंडोज काढणार नाही.